व्रेनीच्या स्वर्गाचा प्रश्न

त्या हिवाळ्यात बर्न शहराच्या बुरुजात सहा माणसं धर्मासाठी कैदेत होती आणि सातवा त्यांच्याबरोबर होता. सातव्याला नेमकं काय म्हणायचं हे कुणाला ठरवता येत नव्हतं. सरकारच्या मते तो त्या सहांसारखाच. त्या सहांच्या मते तो त्यांच्यातला नव्हेच. त्याच्या स्वतःच्या मते तो त्यांच्यातला होता, पण त्याचं मत विचारण्याची पद्धत दोन्हीकडे नव्हती. नाव दुर्स ब्लासर. लाकडी पिंपं बनवण्याचा धंदा, थोड्या गाई, एमे नदीच्या खोऱ्यात वरच्या अंगाला घर, मूलबाळ नाही. बायको व्रेनी सफरचंदं उतरवायच्या दिवसांत वारलेली.

सहा जणांचा गुन्हा मोठा होता. तान्हेपणी पाळकाने डोक्यावर शिंपडलेलं पाणी त्यांना पुरेसं वाटलं नव्हतं, म्हणून मोठेपणी, समजून-उमजून, त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता. शिवाय ते शपथ घेत नसत, तलवार धरत नसत आणि खोटं बोलत नसत. अशा माणसांपासून राज्याला केवढा धोका असतो हे सांगायला नको. आमच्या सरकारने त्यांच्यासाठी एक वेगळं खातंच उघडलं होतं. पूर्वी त्यांना नदीत बुडवत. पाण्याचा हट्ट धरता, मग घ्या पाणी, असा त्यात विनोद होता. पुढे सरकार सुधारलं, आणि नुसतं फटके मारून देशाबाहेर घालवू लागलं. जमीन तेवढी ठेवून घ्यायचं. आम्ही स्वतः पोपच्या तावडीतून सुटलेली माणसं. श्रद्धेवर जबरदस्ती करू नये, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. ती पोपने करू नये.

दुर्सनेही तो दुसरा बाप्तिस्मा घेतला होता, त्या सहांपैकी काहींच्या आधी. पण त्याला त्याच्याच मंडळीने वाळीत टाकलं होतं, आणि त्याचं कारण व्रेनी.

व्रेनीने पुन्हा बाप्तिस्मा घेतला नाही. दर रविवारी ती सरकारी चर्चमध्ये जाऊन आपल्या बाकावर बसे, पाळकाचं प्रवचन डोळे उघडे ठेवून ऐके, आणि घरी येऊन स्वयंपाकघरातली फळी उचलून खाली लपलेल्यांना सूप देई. शिकारी (माणशी बक्षीस घेऊन बाप्तिस्मेवाले पकडणाऱ्यांना आमच्याकडे शिकारीच म्हणत) दोनदा तिच्या घरात आले. तिने त्यांना त्याच फळीवर खुर्ची मांडून बसवलं आणि त्याच पातेल्यातलं सूप वाढलं. नवऱ्याने कधी विचारलं, तू आमच्यात का येत नाहीस, तर म्हणे, "दोघंही तुरुंगात गेलो तर गाईंचं दूध कोण काढणार?" दुर्सला ह्यावर शास्त्रातलं उत्तर कधी सापडलं नाही.

अशी माणसं खोऱ्यात बरीच होती. मंडळी त्यांना सच्च्या मनाचे शेजारी म्हणत आणि त्यांच्या तारणाबद्दल, म्हणजे मेल्यावर स्वर्ग की नरक ह्याबद्दल, फार खोलात जात नसे. फळीखाली पडलेला माणूस वरच्या बाईच्या तारणाबद्दल कशाला खोलात जाईल? पण मग पलीकडच्या आल्सास प्रांतातून नवा कडकपणा आला. तिकडच्या मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे प्रमुखांनी, ठरवलं, की बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही, म्हणजे नाही. शेजारी कितीही सच्च्या मनाचे असोत. हे जो कबूल करणार नाही, त्याला वाळीत टाकायचं.

व्रेनीला पुरून आल्यावर पुढच्या सभेत दुर्स सहज बोलून गेला, की ती पुढे स्वर्गात जाऊन जागा धरून बसली असेल. थोमान नावाचा एक तरुण भाऊ, नवा, तापलेला, उठून म्हणाला की हे दुरुस्त व्हायला हवं. मंडळीचे वडील बेन्झ गेर्बर. त्यांनी दुर्सला समजावलं, की तू एवढंच म्हण, ती प्रभूच्या बाहेर मेली. दुर्स म्हणाला, मला तसं माहीत नाही. बेन्झ म्हणाले, माहीत असण्याचा प्रश्न नाही. दुर्सने खूप विचार केला आणि पुन्हा म्हणाला, मला तसं माहीत नाही. एवढ्यावर तो बाहेर झाला. बेन्झ आणि दुर्स लहानपणी एकाच कुरणावर गुरं राखायचे. दुसऱ्या दिवसापासून बेन्झ त्याला 'अहो' म्हणू लागले.

पकडले कसे गेले, तेही सांगायला हवं. सभा डोंगरावरच्या एका गोठ्यात होती. वाळीत टाकलेल्याने प्रवचन ऐकू नये असा नियम नाही. उलट त्यालाच त्याची जास्त गरज. फक्त आत, भावांमध्ये बसायचं नाही. म्हणून दुर्स बाहेर, छपराच्या पागोळीखाली एका ओंडक्यावर, फळीला कान लावून बसे. सभा सुटायच्या आधी तो दार ठोठावून मला परत घ्या म्हणून विनवी. आतल्यांना त्याचा त्रास होऊ लागला होता, आणि बेन्झनी मागच्याच खेपेला सांगून ठेवलं होतं, की दार उघडायचं नाही. मऊपणा म्हणजे प्रेम नव्हे.

त्या दिवशी दुर्सला उतारावरून कुत्री आणि कंदीलवाले वर येताना दिसले. त्याने दार ठोठावलं. दार उघडलं नाही. शिकारी आलेत, असं तो फटीला तोंड लावून म्हणाला. आत थोमान शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला, की मागच्या वेळी हा बर्फ पडतंय म्हणाला होता. मागच्या वेळी खरोखरच बर्फ पडत होतं, पण तो मुद्दा कुणाच्या लक्षात आला नाही. दुर्सच्या थापांनी प्रार्थनेत व्यत्यय येऊ नये म्हणून मंडळीने गीत धरलं, आणि जरा वरच्या पट्टीत धरलं. आमच्या खोऱ्यातली गीतं लांब असतात आणि संथ असतात. शिकारी आवाजाच्या रोखाने सावकाश आले. बायका आणि म्हातारे मागच्या खिडकीतून निसटले, सहा पुरुष सापडले. दुर्सला पळायला भरपूर वेळ होता. तो दारावर थापा मारत उभा होता, म्हणून सगळ्यांत आधी तोच सापडला.

ह्या गोष्टीचा उल्लेख बुरुजात कुणीही केला नाही. करायचा म्हणजे दुर्सशी बोलावं लागलं असतं.

बुरुजात सगळे एकाच खोलीत होते. काम लोकर पिंजायचं, खायला भाकर आणि एका मोठ्या लाकडी वाडग्यात ओटची पेज. सहा जण वाडग्याभोवती बसत आणि आळीपाळीने चमचा घालत. दुर्स कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, मडक्याच्या तुकड्यात आपला वाटा खाई. वाळीत टाकलेल्याबरोबर जेवायचं नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, असा नियम. त्याला द्यायला मात्र हरकत नाही, कारण ती दया. त्यामुळे दुर्सचे हाल झाले असं म्हणता येणार नाही. त्याला सगळं मिळे. देता मात्र काहीच येत नसे.

लिनहार्ट नावाच्या कारकुनी मिशांच्या तुरुंगरक्षकाला हा प्रकार कळला, तेव्हा त्याला हिवाळ्याची करमणूक सापडली. एके सकाळी त्याने अख्खी भाकर दुर्सच्या हातात दिली आणि म्हणाला, वाढा जावईबापू, आज तुमच्या हातची पंगत. सहा जणांनी हात छातीशी बांधले. दुर्स भाकर घेऊन उभा. दुपारपर्यंत तो उभाच होता आणि ते बसलेलेच. शेवटी त्याने भाकर खोलीच्या मध्यावर जमिनीवर ठेवली, कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवली. थोमानने विचारलं, हे चालतं का. बेन्झनी बराच वेळ विचार केला आणि निर्णय दिला, की जमिनीला आपण वाळीत टाकलेलं नाही. मग ते जेवले, आणि दुर्सचा वाटा थोमानने नियमाप्रमाणे त्याच्या हातात नेऊन दिला.

लिनहार्टला ह्यात आणखी एक गोष्ट सापडली. कंटाळा आला की तो स्वतःच खाली बसून वाडग्यात चमचा घाली, आणि कुणी हरकत घेत नसे. तो जगातला माणूस. जग हरवलेलंच असतं, आणि हरवलेल्याबरोबर जेवता येतं. फक्त आपल्यातून घसरलेल्याबरोबर येत नाही.

"तुमच्या देवाचं मला काही कळत नाही बघा," तो एकदा चमचा चाटत म्हणाला. "मी पितो, बायकोवर हात टाकतो, चर्चमध्ये झोपतो. तरी माझा चमचा तुमच्या वाडग्यात. आणि हा बिचारा मुंगी मारत नाही, तर हा कोपऱ्यात. म्हणजे मी ह्याच्यापेक्षा बरा?"

"नाही," थोमान म्हणाला. "तुम्ही नरकात जाणार."

"मग ठीक आहे," लिनहार्ट म्हणाला आणि पेजेतला सफरचंदाचा सुका तुकडा शोधून काढून खाल्ला.

दुर्स भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. आपण कधी त्यांचे भाऊ झालोच नसतो तर आत्ता त्या वाडग्याभोवती असतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. व्रेनीही त्यांच्याबरोबर जेवायचीच की. ती फळी उचलायची, बेन्झ वर यायचे, आणि दोघं एकाच पातेल्यातून खायची. ती हरवलेली होती म्हणून त्यांना चालत होती.

दिवस तसे लोकरीत जात. संध्याकाळी ते गात. बरोबर गाणं म्हणजे बरोबर जेवण्यासारखंच का, ह्यावर कुणी निर्णय दिलेला नव्हता. पण दुर्स आपण होऊनच एक ओळ मागे राहून गाई. त्यांचं गीत संपल्यावर त्याची एक ओळ उरे, आणि ती तो एकटाच, हळू आवाजात पुरी करी. रात्री सहा जण पेंढ्यावर एकमेकांना चिकटून झोपत. दुर्सच्या बाजूच्या भिंतीला आतून बर्फ धरायचं. कधी कुणी अंधारात येऊन त्याच्या अंगावर रिकामं पोतं टाकून जाई. कोण, ते त्याला कळत नसे, आणि सकाळी पोतं परत करता येत नसे. तो ते जमिनीवर मध्यभागी ठेवी.

मधूनमधून शहरातले एक पाळकसाहेब कैद्यांना सरकारी श्रद्धेत परत आणायला येत. शिकलेले, मायाळू, कायम पडसं झालेले. बाकीचे त्यांच्याशी वाद घालत, त्यात त्यांना आनंद होई. दुर्स नुसतं ऐके. त्याच्याशी बोलणारं एवढंच माणूस होतं, त्यामुळे पाळकसाहेब उठायला लागले की तो काहीतरी शंका काढून त्यांना थांबवी. तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्याबद्दल इतक्या शंका त्याला उभ्या जन्मात आल्या नव्हत्या. पाळकसाहेबांना वाटलं, ह्याचं मन वळतंय. मग एक दिवस त्यांना तो कोपरा दिसला. त्यांनी लिनहार्टला विचारलं, लिनहार्टने सगळं रंगवून सांगितलं, आणि पाळकसाहेब नाक पुसत थेट खात्यात गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याला बाप्तिस्मेवाले आपला म्हणत नाहीत, त्याला बाप्तिस्मेवाला म्हणून शिक्षा करता येते का?

खात्याला हा प्रश्न आजवर पडला नव्हता. बर्फ वितळलं की ह्या कैद्यांना नावेत घालून आरे नदीतून ऱ्हाईनला, तिथून हॉलंडला आणि जमल्यास थेट अमेरिकेला पाठवायचं ठरलं होतं. परत पाऊल टाकलं तर फास. आता जो मुळात गुन्हेगारच नाही त्याला नावेत घातला, तर उद्या कुणी विचारलं तर काय? खात्याचे मुख्य साहेब नियमाचे माणूस. त्यांनी दुर्सला वर बोलावलं.

"तू त्यांच्यातला आहेस?"

"हो, साहेब."

"ते तुझ्याबरोबर जेवत नाहीत म्हणे."

"नाही जेवत."

"मग त्यांच्यातला कसा?"

"त्यांच्यातला नसतो, तर जेवले असते," दुर्स म्हणाला.

लिहिणाऱ्या कारकुनाने लेखणी थांबवून साहेबांकडे बघितलं. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं आणि बेन्झ गेर्बरना आणायला सांगितलं. बेन्झ आले, टोपी न काढता उभे राहिले. साहेबांनी विचारलं, हा दुर्स ब्लासर तुमच्या मंडळीत आहे का. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की हो म्हटलं तर दुर्स नावेत, नाही म्हटलं तर घरी. आणि हेही ठाऊक होतं, की हा माणूस खोटं बोलत नाही. त्याच्यावर खटला भरण्यामागे तेही एक कारण होतं.

"नाहीत ते आमच्यात," बेन्झ म्हणाले.

निकाल झाला. नाव सुटेल त्या दिवशी दुर्सला धक्क्यावरच सोडायचं. शपथेचा आग्रह नको, पाळकसाहेब त्याच्यासाठी शब्द टाकतील. त्याने फक्त ईस्टरला आणि नाताळला चर्चमध्ये येऊन बसावं. घर शाबूत होतं. गाई शेजाऱ्याने पाळल्या होत्या. पाळकसाहेबांनी मुद्दाम खाली येऊन त्याला सांगितलं, की बायकोच्या बाकावरची जागा रिकामीच आहे, तू तिथे बसलास तर कुणी काही म्हणणार नाही. ती तिथून खिडकीतून दिसते, तिची कबर. आणि पुढेमागे तुलाही तिथेच, तिच्या शेजारी जागा मिळेल. बाप्तिस्मेवाल्यांना तिथे पुरत नाहीत, पण तू तर आता तो नव्हेस.

दुर्सने त्यांचे आभार मानले. मग कोपऱ्यात बसून तो लोकर पिंजत राहिला आणि घरी गेल्यावर काय काय होईल ते त्याने एकेक करून डोळ्यांपुढे आणलं. स्वयंपाकघर. चूल. तिची खुर्ची त्या फळीवर. गावातली चर्चवाली माणसं येणार नाहीत, कारण तो बुरुजातून आलेला. डोंगरातली मंडळी येणार नाही, कारण तो वाळीत. शेजारी गाई परत करायला येईल, दारातच उभा राहील. तरीही स्वयंपाकघर होतं. तिथल्या भिंतींना तिचा वास होता. नावेत काय होतं? नावेतही कोपराच असणार, फक्त हलणारा.

नाव सुटायच्या आधी सगळ्यांना अंघोळीला न्यायचं ठरलं. उवा घेऊन हॉलंडला गेलेलं सरकारला शोभलं नसतं. दुर्स जाणारा नव्हता म्हणून त्याला अंघोळ नव्हती. इतर पाच जणांना लिनहार्ट घेऊन गेला. बेन्झचा गुडघा सुजला होता, ते मागे राहिले. ऊन वरच्या झरोक्यातून आत आलं होतं. बराच वेळ दोघं आपापल्या ठिकाणी लोकर पिंजत राहिले. मग बेन्झ उठले, लंगडत मधलं अंतर ओलांडून आले आणि दुर्सपासून हातभर अंतरावर पेंढ्यात बसले.

"एकदा म्हण आणि मोकळा हो," ते म्हणाले. "मी सगळ्यांना आत्ता सांगतो, तू परत आलास. रात्री वाडग्यावर बसशील. उद्या नावेत भाऊ म्हणून बसशील. आम्हालाही तुला असं सोडून जायचं नाहीये, दुर्स. तुला वाटतं मला ते 'नाही' सोपं गेलं?"

"काय म्हणू?"

"तुला माहीत आहे."

"तू म्हणून दाखव," दुर्स म्हणाला. "तू वडील आहेस. तू आधी म्हण, मी मागून म्हणतो. तू तिच्या फळीखाली दोन हिवाळे काढलेस. ती मोजे विणून खाली टाकायची, तुझे पाय मोठे म्हणून लोकर पुरायची नाही, शिव्या द्यायची. तर म्हण. व्रेनी ब्लासर नरकात आहे. मोठ्याने म्हण, मी लगेच म्हणतो."

बेन्झनी तोंड उघडलं. ते चांगले वक्ते होते; गोठ्यात उभे राहिले की दोन-दोन तास बोलत, आणि थंडीने पाय बधिर झालेली माणसं हलत नसत. पण त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि मग बंद झालं. त्यांनी गुडघा चोळला.

"शास्त्र तर तेच सांगतं," ते म्हणाले.

"शास्त्राला नाही विचारलं मी. तुला विचारलं."

झरोक्यातलं ऊन पेंढ्यावरून भिंतीवर सरकलं. खाली अंगणात पाणी ओतल्याचा आणि लिनहार्ट कुणाला तरी चिडवत असल्याचा आवाज येत होता.

"मी तिच्यासाठी प्रार्थना करतो," बेन्झ म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की दुर्सला वाकावं लागलं. "ती गेल्यापासून. रोज. जेवणाआधीचे आभार संपले की त्याच दमात, मनात. मेलेल्यासाठी प्रार्थना करतो मी, दुर्स. पोपवाल्यासारखी. जे नको म्हणून आपले आजे जळाले, ते सगळं मी रोज पेजेवर डोळे मिटून करतो. आणि तुला वाळीत मीच टाकलं. तू नुसतं म्हणालास, माहीत नाही. मी तर मागतोय."

"मग टाकलंस का?"

"नाहीतर मंडळी फुटली असती. थोमान आणि ती पोरं निघून गेली असती आल्सासवाल्यांकडे. आधीच किती उरलोय आपण?"

बेन्झनी त्याच्याकडे पाहिलं नाही. जिन्यावर पावलं वाजली तसे ते भिंतीला धरून उठले आणि लंगडत आपल्या जागी गेले. पाच जण ओल्या केसांनी आत आले. बेन्झच्या पाठीला दुर्सच्या बाजूचा पेंढा चिकटलेला थोमानला दिसला.

"काय ठरलं, वडील?" त्याने विचारलं. "म्हणाले का ते?"

बेन्झनी उत्तर दिलं नाही. खोटं त्यांना येत नव्हतं, आणि खरं बोलायला लागलं तर कुठे थांबायचं ते त्यांना कळेना. सगळे आता दुर्सकडे बघत होते. कित्येक महिन्यांत ते पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघत होते.

दुर्स हळूहळू विचार करणारा माणूस, पण हा विचार त्याच्या डोक्यात एकदम आला. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. वडील मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. थोमानने लगेच विचारलं असतं, खरं का. बेन्झ हो म्हणाले असते. रात्रीपर्यंत बेन्झ वाळीत गेले असते. आणि वाळीत टाकलेल्या दोघांनी एकमेकांबरोबर जेवू नये असा नियम कुठेही नाही. कोपऱ्यात दोघं झाले असते. मडक्याचा एक तुकडा, दोन चमचे. कुरणावरच्या गोष्टी निघाल्या असत्या. व्रेनीच्या गोष्टी निघाल्या असत्या, मोठ्याने, कुणाची भीती न बाळगता. जगात तिच्यासाठी देवाकडे मागणारी दोनच माणसं होती, आणि ती एकमेकांसमोर बसून जेवली असती.

बेन्झ हातातली लोकर खाली ठेवून वाट बघत होते. ते त्याला अडवणार नव्हते, हे दुर्सला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

पण मग वाडग्याभोवती पाच जण राहिले असते आणि जेवणाआधीचे आभार मानायला थोमान उरला असता.

"नाही म्हणालो मी," दुर्स म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

त्या रात्री तो घरचा विचार करत पडून राहिला. स्वयंपाकघर, चूल, खुर्ची, आणि चर्चच्या खिडकीतून दिसणारी कबर. तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. ज्यांनी तिचं सूप खाल्लं ती माणसं इथे पेंढ्यावर घोरत होती.

धक्क्यावर सकाळी धुकं होतं. पाळकसाहेब त्याच्या सुटकेचा कागद घेऊन, मफलर गुंडाळून, आधीच येऊन उभे होते. पहारेकऱ्यांनी सहा जणांना फळीवरून नावेत उतरवलं. थोमान ढकलल्याशिवाय हलला नाही. देश सोडायला आपली संमती नाही हे त्याला दाखवायचं होतं. दुर्स बाजूला उभा होता. पाळकसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चल, माझ्याकडे आधी काहीतरी गरम घे. मी एकटाच जेवतो रोज, मला सोबत होईल.

पाळकसाहेब एकटे जेवतात हे त्याला आधी कुणी का नाही सांगितलं, असं दुर्सला वाटून गेलं. तो क्षणभर थांबला. मग त्यांचा हात हलकेच बाजूला करून म्हणाला, "माफ करा, पाळकसाहेब, माझी माणसं तिकडे आहेत," आणि फळीवरून खाली गेला.

मोजणी करणारा अंमलदार वैतागला. हा कागदावर नाही, ह्याला वर काढा म्हणाला. लिनहार्ट फळीच्या टोकाशी उभा होता.

"राहू द्या हो साहेब," तो म्हणाला. "जे नको म्हणतात त्यांना ढकलून बसवलंत. हा आपण होऊन बसतोय तर त्याला ढकलून उठवायचं? उद्या लोक काय म्हणतील, खात्याला नक्की पाहिजे तरी काय?"

अंमलदाराने विचार केला, आणि दोर सोडायला सांगितलं. पाळकसाहेब कागद हातात धरून धक्क्यावर उभे राहिले. धुक्यात ते दिसेनासे झाले तरी त्यांच्या शिंका ऐकू येत होत्या.

नावेत सहा जण मधल्या फळ्यांवर दाटीने बसले. दुर्ससाठी मागच्या टोकाला दोरांच्या वेटोळ्याशेजारी जागा होती. थोमानने एकदा मागे वळून पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता.

ऊन वर आल्यावर नावाड्याने खाणं काढलं. पेज, शिळी भाकर. वाडगा मधे ठेवला गेला. दुर्सचा वाटा थोमानने उठून, तोल सावरत, त्याच्या हातात आणून दिला. दुर्सने तो मांडीवर ठेवला. बेन्झनी टोपी काढली आणि आभार मानले, नेहमीचेच, आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक घरात मानतात ते. आमेन झालं. पाच चमचे वाडग्याकडे गेले आणि थांबले, कारण बेन्झचे डोळे अजून मिटलेलेच होते. ओठ जेमतेम हलत होते. पेजेवरची वाफ विरळ होत गेली. एकाने थोमानकडे पाहिलं, थोमानने खांदे उडवले. म्हातारं माणूस, देश सुटला, लागणारच वेळ.

दुर्स नावेच्या टोकाला, मांडीवरच्या मडक्याच्या तुकड्यावर हात ठेवून, बेन्झच्या ओठांकडे बघत होता. ते थांबल्यावर त्याने चमचा उचलला.